पशुवैद्यकीय शिक्षण, शिष्यवृत्ती आणि आपले कर्तव्य

विद्यालयाची स्मरणिका म्हटली की यशवंत विद्यार्थ्यांची यादी ओघानेच येते. या अंकातही ती आहे आणि ती वाचताना आम्हांला अभिमान वाटतो. परंतु या यादीच्या मागे आणखी एक यादी असते आणि ती कोणी छापत नाही. ज्यांना गुण होते, प्रवेशपरीक्षेत क्रमांक होता, निवडयादीत ज्यांचे नाव आले होते आणि तरीही जे प्रवेश घेऊ शकले नाहीत, किंवा पहिल्याच वर्षी ट्रंक उचलून गावी परतले, अशांची ती यादी आहे. कारण विचारले की ‘परिस्थिती’ हा एकच शब्द ऐकू येतो. आम्ही गेल्या काही वर्षांत या शब्दाच्या मागे जाऊन पाहण्याचा प्रयत्न केला. त्यातून आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत. परिस्थितीवर मात करण्यासाठी शिष्यवृत्ती होती. तिच्यापर्यंत नेणारा कागद वेळेवर हाती नव्हता. हा कागद वेळेवर तयार करून देणे हे विद्यालयाचे कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते.

हे मत कोणत्याही अभ्यासक्रमाला लागू पडेल. तरी आम्ही पशुवैद्यकीय पदवीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण हा अभ्यासक्रम आपल्या जिल्ह्याच्या जगण्याशी जोडलेला आहे आणि आपल्या मुलांना त्याची माहिती सर्वांत कमी आहे. नीट परीक्षेला बसणारा आपला विद्यार्थी ‘एमबीबीएस नाही तर बीएएमएस’ एवढाच हिशेब करतो. पशुवैद्यक हा पर्याय त्याच्या मनात येतो तेव्हा बहुधा अर्जाची मुदत संपलेली असते.

बीड जिल्ह्यातील अकराही तालुक्यांत माणसांचे अर्थकारण जनावरांच्या पाठीवर उभे आहे. गोठ्यातील दोन म्हशी, परसातील चार शेळ्या, लाल कंधारी वा देवणीची एखादी जोडी हीच अनेक घरांची बँक असते. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, तेव्हा गाडीचे बैलही त्यांच्यासोबत जातात. बैलाचा खांदा सुजला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि बैल दगावला तर अख्खा हंगाम तोट्यात जातो. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यातील चारा छावण्यांत जनावरांच्या दावणीशेजारी माणसांनी महिने काढले. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा गुरांचे बाजार बंद पडले आणि लसीची सिरिंज घेऊन येणाऱ्या माणसाची वाट गावोगाव पाहिली गेली. अशा जिल्ह्याला पशुवैद्यक हवे आहेत, आणि बैलाच्या खांद्याची सूज लहानपणापासून पाहिलेल्या घरातून ते आले तर अधिकच बरे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. गावातील मेलेले जनावर ओढून नेणे हे काम शतकानुशतके आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. जिवंत बैलाच्या दावणीपाशी त्यांना मान नव्हता. बैल मेला की मात्र त्यांना बोलावणे येई. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि ते जिणे नाकारण्याचे बळ समाजाला दिले. त्यांचीच नात-पणती आज गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून त्याच गावात आजारी गाईला तपासायला येते, तेव्हा इतिहासाचे एक पान उलटलेले असते. शिवाय धम्माच्या परंपरेत ही सेवा नवी नाही. सम्राट अशोकाने गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे, आणि औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे नोंदवून ठेवले आहे. ज्या विद्यालयाच्या प्रार्थनासभेत रोज प्राणिमात्रांविषयी मैत्रीचा उच्चार होतो, तेथून पशुवैद्यक घडावेत यात नवल नाही. त्यांचे घडणे अर्ध्यावर थांबते, याचेच दुःख अधिक आहे.

शिष्यवृत्ती ही शासनाची कृपा आहे, असा समज आपल्या पालकांत अजूनही आहे. काहींना तर तिचा संकोच वाटतो. त्यांना आम्ही इतिहास सांगू इच्छितो. स्वतः बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार, अशा तिच्या अटी होत्या. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी नोकरी करून, पै-पै साठवून आणि मित्राकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. पैशावाचून शिक्षण थांबणे म्हणजे काय, हे त्यांनी सोसले होते.

म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी १९४२ मध्ये सरकारला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान व तंत्रविषयक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपयांची मागणी केली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, त्याला वरच्या दर्जाचे शास्त्रीय शिक्षण हवे, असा त्यांचा स्पष्ट आग्रह होता. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने आपण जिचा अर्ज भरतो ती हीच. हा हक्क झगडून मिळवलेला आहे. तो कागदाअभावी सोडून देणे हा त्या झगड्याचा अनादर आहे, असे आम्ही मानतो.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी साडेपाच वर्षांची असून त्यात शेवटच्या एका वर्षाची आंतरवासिता अंतर्भूत आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासूनचे, नागपूरचे १९५८ चे. आपल्याला जवळची म्हणजे परभणी आणि उदगीर येथील. खुद्द आपल्या जिल्ह्यात परळीला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र येथे एक खाच आहे. एमबीबीएस, बीएएमएस आदींचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. पशुवैद्यकाचा अर्ज माफसू विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे भरावा लागतो. एकच अर्ज सगळीकडे चालेल या समजुतीने आपली किती तरी मुले येथेच गळतात. याखेरीज देशभरातील पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या स्वतंत्र प्रक्रियेने भरल्या जातात. तेथून परराज्यात जागा मिळाली तरी भारत सरकार शिष्यवृत्ती आपले राज्यच देते.

प्रवेशानंतर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याने सर्वप्रथम महाडीबीटी संकेतस्थळावर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शुल्काची प्रतिपूर्ती होतेच, शिवाय पहिल्या गटातील व्यावसायिक पदवी म्हणून वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत, आहे. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज कधीही टाळू नये, कारण तेथे प्रवेश न मिळालेल्यांसाठीच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, तर इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये ती देते. गुणांची आणि उत्पन्नाची अट असते. ती त्या वर्षीच्या परिपत्रकातच पाहावी.

आपल्या विद्यालयात सर्व समाजांची मुले आहेत. इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. मुलगी शिकवणे परवडत नाही असे म्हणणाऱ्या पालकाला हा निर्णय दाखवावा. बारावीला मंडळाच्या गुणवत्तेत वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर होतो आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वर्षाला १२,००० रुपये देते. मात्र दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ती मिळत नाही. म्हणून कोणती घ्यावी हा हिशेब आधी मांडावा. पदवीनंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून एम.व्ही.एस्सी.साठी अधिछात्रवृत्ती मिळू शकते, आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींच्या पंचाहत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती दिली जाते.

एवढे सगळे असताना मुले परत का येतात? आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकिगत सांगतो. त्याला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता आणि आईवडील टोळीसोबत कारखान्यावर गेले होते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपला होता. नवा काढण्यासाठी वडिलांचे स्वयंघोषणापत्र हवे होते. आधारशी जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात, उसाच्या फडात. ओटीपी यायचा तेथे, आणि तो सांगायला वडिलांना रात्री नऊनंतरच सवड. कसाबसा अर्ज भरला गेला. पुढे तो त्रुटीसाठी विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत आला. त्याचा संदेशही त्याच मोबाइलवर गेला आणि कोणी वाचला नाही. मुदत संपली. त्या वर्षाचे शुल्क भरण्यासाठी वडिलांनी मुकादमाकडून वाढीव उचल घेतली.

ज्यांना उचलीचा अर्थ ठाऊक आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल. उचल घेतली की हंगाम बांधला जातो. ती फिटली नाही तर पुढचाही. मुलाच्या शिष्यवृत्तीचा एक अर्ज बाद झाला आणि एका आईने आणखी एक हिवाळा पाचटाच्या कोपीत काढला. तो मुलगा शिकला, आज नोकरीत आहे. पण तो अजूनही म्हणतो की ते वर्ष माझ्या गुणपत्रिकेत दिसत नाही, आईच्या गुडघ्यांत दिसते.

अशा खाचा अनेक आहेत आणि त्या सगळ्या कागदाच्या आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. दोन खाती असली तर मुलगा एका खात्याकडे डोळे लावून बसतो आणि पैसे दुसऱ्यात पडून राहतात. केंद्राच्या हिश्श्याची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यातील शुल्काचा भाग त्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. हे न कळल्याने ते पैसे घरखर्चात जातात आणि शेवटच्या वर्षी थकबाकीचा डोंगर उभा राहतो.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी ते लागते, आणि अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा जोडावा लागतो. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; त्या काळच्या शाळांच्या आणि महसुलाच्या नोंदी पुष्कळदा उर्दूत आहेत. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेची नोंद कोठून आणायची? मग चुलत आजोबांचा दाखला, जन्म-मृत्यूची गावनोंद, जुनी खासरा पाहणी, यांचा शोध सुरू होतो. हा शोध दोन आठवड्यांत संपत नाही. तो अकरावीत सुरू झाला तरच बारावीनंतर उपयोगी पडतो.

नवबौद्ध कुटुंबांना तर कागदावरील एका शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. १९५६ मध्ये धम्म स्वीकारल्यानंतर केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपल्या दोन पिढ्या धम्म आणि सवलत यांच्या कात्रीत सापडल्या. आजही प्रमाणपत्रात नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असेल आणि धर्मांतरापूर्वीच्या जातीचा उल्लेख विहित नमुन्यात नसेल, तर केंद्राच्या प्रवेशप्रक्रियेत अडचण येऊ शकते. जी जात आपण मनातून काढून टाकली, तिचे नाव कागदावर लिहिताना आपल्या तरुणांना यातना होतात, हे आम्ही जाणतो. परंतु हक्काचा पुरावा म्हणून तो शब्द लिहिणे आणि ती जात मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना शिक्षकांनी वेळीच समजावून सांगितले पाहिजे.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे शासनाचे काम आहे. शाळेने ते का करावे? शासनाने हप्ते वेळेवर द्यावेत, अर्ज सोपे करावेत, मुदती स्थलांतराचे महिने पाहून ठरवाव्यात, ही मागणी आम्हीही करतो आणि करत राहू. पण ती मान्य होईपर्यंत दरवर्षी एक तुकडी दहावी होऊन बाहेर पडते, तिचे काय? दुसरा आक्षेप असा की, मुलांना सगळे हातात दिले तर ती स्वावलंबी होणार नाहीत. शिक्षित घरातील मुलाचे अर्ज त्याचे वडील भरतात, त्याची काका-मामा चौकशी करतात. त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. आपल्या मुलाच्या घरी हे करणारे कोणी नाही, म्हणून तर तो निवासी विद्यालयात आला आहे. दहा वर्षांचा असताना त्याला आपण उशाशी बसून पाढे शिकवले. सतराव्या वर्षी त्याला सायबर कॅफेच्या रांगेत एकटे सोडणे हे स्वावलंबनाचे शिक्षण नव्हे.

म्हणून आमच्या काही ठोस सूचना आहेत. आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रांची एक फाइल विद्यालयात असावी. आधार, जन्मनोंद आणि शाळेच्या नोंदीतील नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते की नाही, हे नववीतच तपासावे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे खाते उघडून तेच आधारशी जोडावे. उत्पन्नाच्या दाखल्याची जुळवाजुळव पालक गावी असताना, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर या काळात करावी. टोळ्या निघण्यापूर्वी एक पालकदिन केवळ दाखले आणि स्वाक्षऱ्या यांसाठी ठेवावा. दहावीनंतर विज्ञान शाखेत जाणाऱ्या प्रत्येकाचा जात वैधतेचा पुरावाशोध त्याच उन्हाळ्यात सुरू व्हावा, आणि उर्दू नोंदी वाचून देणाऱ्या गावातील जाणत्या माणसांची मदत त्यासाठी घ्यावी. अर्ज भरताना विद्यार्थ्याच्या मोबाइलसोबत विद्यालयातील एका शिक्षकानेही लॉगिनची तारीखवार नोंद ठेवावी, म्हणजे त्रुटीसाठी परत आलेला अर्ज नजरेतून सुटणार नाही.

आणि शेवटची सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशानंतर कित्येक महिन्यांनी येतो. मधल्या काळात शुल्क, खानावळ आणि पुस्तके यांसाठी जी रक्कम लागते, तेवढ्यासाठीच घरात उचल घेतली जाते. नोकरीला लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक छोटा निधी उभारावा. त्यातून हे पैसे बिनव्याजी द्यावेत आणि हप्ता आला की विद्यार्थ्याने ते परत करून पुढच्यासाठी ठेवावेत. दानाला धम्मात मोठे स्थान आहे. एखाद्या आईला एका हंगामाच्या उचलीतून सोडवणारे दान आम्हांला कमानीवर नाव कोरणाऱ्या दानाहून मोठे वाटते.

पुढच्या स्मरणिकेत यशवंतांची यादी याहून लांब असेल, अशी आशा आम्ही बाळगतो. परंतु न छापलेली ती दुसरी यादी किती आखूड झाली, हेही त्या वेळी संपादक मंडळाने मोजावे. येत्या शैक्षणिक वर्षात आठवीच्या वर्गापासून ही फाइल सुरू व्हावी, एवढीच संस्थाचालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांना आमची नम्र विनंती आहे.